मर्यादांच्या स्लाइडवरची एक ओळ

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. अंधेरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं, संध्याकाळी मुलुंडला घरी यायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन. माझे गाइड माझ्याहून सहा वर्षांनी लहान होते. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना सर. पहिले काही महिने दोघांनाही ते अवघड गेलं, मग सवय झाली.

विषय मी शोधला नव्हता, तो रोज समोर बसलेला असायचा. आमच्याकडे मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं. प्रोग्राममध्ये काही चुकलं की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी संदेश उमटतो. तो संदेश अनुभवी माणसासाठी लिहिलेला. चूक सातव्या ओळीत असेल तर हा आठव्या ओळीकडे बोट दाखवणार. ही मुलं तो वाचायची, पुन्हा वाचायची आणि त्यांचे हात कीबोर्डवरून खाली यायचे. बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क मिळवलेली मुलं, एका अर्धविरामापायी तास-तास नुसती बसून राहायची. मी एक टूल लिहिलं. ते तो लाल संदेश मध्येच पकडायचं आणि साध्या मराठीत सांगायचं की अमुक ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला आहे का, पाहा.

ते उपयोगी आहे हे दाखवण्यासाठी प्रयोग केला. नव्या इमारतीतल्या लॅबमध्ये एक तुकडी, तिला नेहमीचे इंग्रजी संदेश. जुन्या इमारतीतल्या लॅबमध्ये दुसरी तुकडी, तिला माझं टूल. दोघांना तेच चुकीचे प्रोग्राम दुरुस्त करायला दिले, एक तास. कुठल्या खुर्चीसमोरच्या कीबोर्डवर कोणती कळ कधी दाबली गेली, सगळं आपोआप नोंदलं जात होतं. जुन्या लॅबमधली मुलं इतकी पुढे निघाली की आकडे पाहून सर खुर्चीतून उठले.

“मॅडम, झकास! एवढा फरक मी क्वचित पाहिलाय.”

त्यांनी तो निकाल स्वतःच्या एका मोठ्या संशोधन-प्रस्तावातही घातला. प्रबंधाच्या सबमिशनआधी फक्त एक पायरी उरली होती. उपनगरातल्याच एका संस्थेत पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं सिम्पोझियम होतं. वीस मिनिटं आपण बोलायचं, मग वीस मिनिटं बाहेरून आलेले तज्ज्ञ कामाची चिरफाड करणार. त्यांचा अभिप्राय विद्यापीठाच्या समितीकडे जाणार होता. माझा नंबर गुरुवारी दुपारी.

मंगळवारी मी जुन्या लॅबचा फोटो काढायला गेले. स्लाइड्स पाठवून झाल्या होत्या, पण सुधारित फाइल बुधवारपर्यंत चालणार होती, तेव्हा पहिल्या स्लाइडवर प्रयोगाची जागा दाखवावी म्हणून. तिथले लॅब असिस्टंट माऊस गोळा करत होते. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. सावंतवाडीकडचे, विक्रोळीला राहायचे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली.

“फोटो कशाक, मॅडम?”

“गुरुवारी दाखवायचाय. मोठे लोक येणारेत. प्रयोग इथे झाला म्हणून सांगायचंय.”

“मग माझो पण काढा. मी पण होतो ना त्यात.”

मी हसले. “होतात म्हणजे?”

“म्हणजे, पोरं अडकली होती. मग सांगत होतो एकेकाला.”

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. “काय सांगत होतात, मामा?”

“नेहमीचंच. हे बघा, पोरगं खालच्या ओळीत शोधत बसतं आणि चूक वरच्या ओळीत. मग मी म्हणतो, अरे बाबा, वरच्या घराचं दार उघडं टाकून खाली कुठे चोर शोधतोस? पहिलं दार लाव. की लगेच कळतं त्याला.” ते खुशीत सांगत होते. “तुमचा ता मराठी पण येत होता ना स्क्रीनवर, पण पोरं वाचत नाहीत हो. तोंडाने सांगावं लागतं.”

“सगळ्यांना सांगितलंत?”

“सगळ्यांना कसं? जे गप्प बसले होते त्यांना.”

मामा प्रोग्रामिंग शिकलेले नव्हते. वीस-बावीस वर्षं त्या लॅबमध्ये उभं राहून, मुलांच्या खांद्यावरून पाहून त्यांना चुका तोंडपाठ झाल्या होत्या. आणि नव्या लॅबमधला असिस्टंट? तो प्रयोगाच्या वेळी बाहेर पॅसेजमध्ये होता, हे मला आठवत होतं, कारण तो तासभर मी नव्या लॅबमध्येच होते आणि त्याला एक्स्टेन्शन बोर्डासाठी शोधत होते.

मी स्टाफरूममध्ये येऊन लॅपटॉप उघडला. आठ महिने ही आकडेवारी माझ्याजवळ होती. तिच्या सरासऱ्या काढल्या होत्या, रंगीत आलेख काढले होते. खुर्च्यांच्या क्रमाने मांडून कधी पाहिली नव्हती. आता मांडली. दुसऱ्या रांगेत पहिल्या खुर्चीवरची चूक सुटलेली, मग तिच्या शेजारची, मग तिसरी, मिनिटामिनिटाच्या अंतराने. मग तिसरी रांग, उलट्या दिशेने. मधल्या दोन हुशार मुलांच्या खुर्च्या गाळून पुढे. मामा कुठून कुठे चालत गेले ते मला पडद्यावर दिसत होतं. मी दोनदा पुन्हा मोजलं.

प्रयोगाच्या आधी मी सगळ्या शिक्षकांची बैठक घेतली होती. कुणी मदत करायची नाही, इशारासुद्धा करायचा नाही, असं तीनतीनदा बजावलं होतं. मामांना बोलावलं नव्हतं. बोलवावं असं डोक्यातच आलं नव्हतं. मामा रांगांतून रोजच फिरायचे, त्यामुळे तिथल्या शिक्षकालाही त्यात काही वेगळं दिसलं नसावं.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

“किती मुलांना सांगितलं असेल त्याने?”

“नक्की नाही सांगता येत, सर. पण सगळा फरक तिथेच आहे. त्या दोन-तीन रांगा काढल्या तर काही उरत नाही.”

“ते तुम्ही आत्ता घाईत केलंय. घाईत काढलेला निष्कर्ष आहे हा.”

“सर, मी गुरुवारी काय बोलू?”

“स्लाइड्स गेल्यात, मॅडम. चार दिवसांपूर्वी गेल्यात. आता हे सगळं उकरलं तर सबमिशन वर्षभर पुढे जाईल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “शेवटी प्रयोगाच्या मर्यादा सांगणारी स्लाइड आहे ना? तिच्यावर एक ओळ घाला. प्रयोगादरम्यान प्रयोगशाळेत सहायक उपस्थित होता. बस. खोटं नाही ना ते?”

खोटं नव्हतंच. म्हणून तर मी ती ओळ घातली. हे मला इथे सरळ लिहायचं आहे, कारण पुढे जे झालं त्यावरून लोक मला प्रामाणिक वगैरे म्हणाले. बुधवारी मी ती ओळ टाइप केली, बाकीच्या ओळींच्या मापाची केली आणि सुधारित फाइल पाठवून दिली. घरी आई म्हणाली, “जेवत का नाहीस गं?” मी म्हटलं, ॲसिडिटी.

गुरुवारी मुलुंडहून रिक्षाने निघाले. रस्ताभर मी पहिलं वाक्य घोकत होते आणि प्रत्येक वेळी शेवटच्या स्लाइडवर येऊन अडखळत होते.

हॉलमध्ये एसी इतका होता की बायका पदर लपेटून बसल्या होत्या. पहिल्या रांगेत तीन तज्ज्ञ. मधले अध्यक्ष, सर्दी झालेले, सारखा रुमाल काढणारे. डावीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत संशोधन करणारे गृहस्थ. उजवीकडे पांढऱ्या केसांच्या एक बाई, सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. त्या वहीत पेन्सिलीने लिहायच्या आणि इतकं हळू बोलायच्या की सगळा हॉल पुढे वाकून ऐकायचा. सगळं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं. मी इथे मराठीत सांगते आहे.

माझ्या आधी आमच्याच गाइडांचा दुसरा विद्यार्थी होता, जेमतेम सव्वीस-सत्तावीसचा. एखादा प्रोग्राम बदलून लिहिला तर तो पूर्वीसारखाच वागतो का, हे तपासण्याची पद्धत त्याने बसवली होती. बोलला छान. मग त्या बाई उठल्या, फळ्यावर चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, खाली त्याचंच दुसरं रूप लिहिलं.

“तुमची पद्धत म्हणेल हे दोन्ही सारखे आहेत. पहिल्याला शून्य दिलं तर काय होईल?”

तो पाहत राहिला. हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. “तो थांबणारच नाही,” शेवटी तो म्हणाला.

“आणि दुसरा?”

“थांबेल.”

“मग?”

त्याने क्लिकर टेबलावर ठेवून दिला. बाईंनी आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. फळा पुसून जागेवर बसल्या. तो माझ्या शेजारी येऊन बसला, पाण्याची बाटली उघडली आणि प्यायलाच नाही.

“वाट लागली, ताई,” तो पुटपुटला.

माझं नाव पुकारलं.

पहिली पंधरा मिनिटं कशी गेली ते मला आठवत नाही. आलेखाच्या स्लाइडवर मागच्या रांगेतून कुणीतरी वाहवा केल्यासारखा आवाज काढला तेवढं आठवतं. सर तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. मर्यादांच्या स्लाइडवर मी आले, पाच ओळी भराभर वाचल्या आणि आभार मानले.

कंपनीतल्या गृहस्थांनी सुरुवात केली. “आजकाल मुलं चॅटबॉटला विचारतात. तो मराठीतही सांगतो. मग तुमच्या टूलची गरज काय?”

ह्या प्रश्नाची तयारी होती. चॅटबॉट दुरुस्त प्रोग्राम हातात देतो, माझं टूल फक्त कुठे पाहायचं ते सांगतं, वगैरे मी बोलले. त्यांनी मान डोलावली. अध्यक्षांनी मुलांच्या निवडीबद्दल काहीतरी विचारलं. घड्याळात सात मिनिटं राहिली होती. आणखी सात मिनिटं उभं राहायचं की सुटले, असं मी स्वतःला सांगत होते.

“शेवटची स्लाइड पुन्हा लावाल?” बाई म्हणाल्या.

मी लावली.

“सहायक उपस्थित होता, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही लॅबमध्ये?”

“नाही. एका.”

“कोणत्या?”

“टूल होतं त्या.”

“उपस्थित होता म्हणजे काय करत होता?”

मी सरांकडे पाहिलं. ते स्वतःच्या हातातल्या कागदाकडे पाहत होते. त्या एका क्षणात माझ्याजवळ दोन-तीन उत्तरं तयार होती. देखरेख करत होता. यंत्रं चालू-बंद करत होता. तीही खोटी नसती. पण मला एकदम मामांचा खुशीतला चेहरा आठवला, माझा पण फोटो काढा म्हणणारा, आणि देखरेख हा शब्द तोंडातून निघेना.

“मुलांना मदत करत होता,” मी म्हटलं. “मला माहीत नव्हतं. त्याने बऱ्याच मुलांना चूक कुठे आहे ते समजावून सांगितलं. मी खुर्च्यांच्या क्रमाने नोंदी पाहिल्या. तो फिरला तिथेच मुलं सुधारली आहेत.”

अध्यक्षांचा रुमाल नाकाशी तसाच राहिला.

“हे तुम्हाला कधी कळलं?” बाईंनी विचारलं.

“परवा.”

“आणि ही ओळ कधी लिहिली?”

“काल.”

“म्हणजे माहीत असून.”

“हो.”

“ही ओळ तुम्ही स्वतः लिहिली?”

मी पुन्हा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही. “हो, मी लिहिली.”

तिसऱ्या रांगेतून सर काही बोलले नाहीत. मी टेबलाची कड धरून उभी होते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि मला शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटत होतं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तुमच्याकडे आज निकाल नाही. एक टूल आहे, दोन लॅब आहेत आणि एक माणूस आहे. कशामुळे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. पुन्हा करा. चार गट करा. एकाला काहीच नाही, एकाला फक्त टूल, एकाला फक्त तो माणूस, एकाला दोन्ही.” मग थांबून त्यांनी विचारलं, “तो काय सांगतो मुलांना?”

मी दाराचं आणि चोराचं सांगितलं. इंग्रजीत ते फारच विचित्र वाटलं. हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

“हे तुमच्या टूलपेक्षा चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ती ओळ काढून टाका. तिच्याइतकं वाईट ह्या कामात दुसरं काही नाही.”

बाहेर चहाच्या टेबलापाशी तो तरुण विद्यार्थी माझ्याजवळ आला. “ताई, का सांगितलंत? कोणाला कळलं नसतं यार.”

“बाईंनी विचारलं रे.”

“मला पण विचारलं असतं तर मी काहीतरी थाप फेकली असती.” मग स्वतःच म्हणाला, “नसती जमली. बाई डेंजर आहे.”

सर चहा न घेता निघून गेले होते.

अभिप्राय पंधरा दिवसांनी आला. प्रयोग नव्याने करावा, तोवर सबमिशन नाही. मला वाटलं होतं त्याहून मी शांतपणे तो वाचला. मला खरी बातमी कॉलेजात मिळाली. मामांनी मुलांशी बोलणं बंद केलं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमच्यामुळे मॅडमची डिग्री अडकली. आता ते प्रॅक्टिकलच्या वेळी दारापाशी हात मागे बांधून उभे राहायचे. एखाद्याने हाक मारली तर म्हणायचे, तुमच्या सरांना विचार.

मी लॅब रिकामी होईपर्यंत थांबले.

“मामा, काय चाललंय हे?”

“काय नाय, मॅडम. आपलं काम मशीन सांभाळायचं. ता करतंय.”

“माझ्यावर रागावलात?”

“तुमच्यावर कशाला? माझाच चुकला. कोणी विचारलेला नाय, सांगितलेला नाय, मधे मधे केलंय. तुमची वर्षं गेली.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “घरी बायको पण बोलली, तुम्हांक काय कळता त्यातला?”

मी बाकावर बसले. “मामा, त्या दिवशीच्या बैठकीला मी सगळ्यांना बोलावलं. तुम्हाला नाही बोलावलं. मला वाटलं, तुम्ही कुठे त्यात. चूक तिथे झाली. ती माझी आहे.”

ते पडदे ओढायला लागले.

“आणि आता मला तुमची गरज आहे. खोटं नाही सांगत. एका गटाला फक्त तुम्ही शिकवायचंय. टूल नाही, काही नाही. तुम्ही जे बोलाल ते मी लिहून घेणार.”

“आणि चुकीचा बोललंय तर?”

“तर तेही लिहीन.”

दोन दिवस त्यांनी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी वर्गातून येताना जुन्या लॅबमधून त्यांचा आवाज ऐकू आला. ते कुणालातरी ओरडत होते, “अरे, कंस उघडलास तो बंद कोण करणार, मी?” मी आत डोकावले नाही. तशीच स्टाफरूममध्ये गेले आणि चार गटांची यादी करायला बसले.

नवा प्रयोग पुढच्या वर्षीच्या मुलांवर झाला. सर्वांत कठीण होता तो पहिला गट, ज्याला काहीच द्यायचं नव्हतं. मामा बाहेर पॅसेजमध्ये, आत मी एकटी. दुसऱ्या रांगेत एक मुलगी होती. पहिल्या दहा मिनिटांत तिचे हात मांडीवर आले. तिची चूक मला उभ्या जागेवरून दिसत होती. एक अवतरणचिन्ह. ती पडद्याकडे पाही, मग माझ्याकडे. मी नजर वळवायची. पुन्हा पाहिलं की तिची नजर माझ्यावरच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. मला दोनदा पाऊल पुढे टाकावंसं वाटलं. मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून ठेवले आणि भिंतीवरचं घड्याळ पाहत राहिले. तिथे उभं राहणं मला त्या हॉलमध्ये उभं राहण्यापेक्षा जड गेलं.

तास संपल्याची घंटा झाली, नोंदी बंद झाल्या आणि मी धावतच तिच्याजवळ गेले. “हे बघ, इथे. हे चिन्ह बंद नाही झालं.”

ती पाहत राहिली. “एवढंच होतं?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, तुम्हाला दिसत होतं ना? मग आधी का नाही सांगितलंत?”

प्रयोगाबद्दल तिला आधी कागदावर सगळं दिलेलं होतं, तिने सही केलेली होती. मी तरी पुन्हा समजावलं. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. दाराबाहेर मामा उभे होते. तिने तेच त्यांना विचारलं आणि ते म्हणाले, “विचारू नको गे बाय, माझी पण तीच गत आहे.”

निकाल असा आला. काही ठरावीक चुकांत माझं टूल उपयोगी पडतं. बाकीच्यांत त्याचा फारसा फरक पडत नाही. मामांचा गट टूलच्या गटाच्या बराच पुढे होता, आणि दोन्ही दिलेला गट मामांच्या गटाएवढाच. मी ते तसंच लिहिलं. मामांच्या सांगण्याच्या तऱ्हांवर एक वेगळं प्रकरण लिहिलं, ते मुख्य प्रकरणापेक्षा लांब झालं. सरांनी एकही शब्द न बदलता त्याला होकार दिला. एकदा फोनवर दुसऱ्याच कामाचं बोलता बोलता ते म्हणाले, “माझ्या प्रस्तावातून तो जुना निकाल काढला मी. त्यांना कळवलंय का काढला ते.” मी म्हटलं, “बरं.” त्या गुरुवारबद्दल आमच्यात एवढंच बोलणं झालं.

पदवी दीड वर्ष उशिरा मिळाली. तोंडी परीक्षेला त्या बाई नव्हत्या, दुसरे कुणी परीक्षक होते. त्यांनी मर्यादांची स्लाइड फारशी न वाचताच पुढे ढकलली. मीच त्यांना थांबवलं आणि ती पहिल्यापासून वाचून दाखवली.